फुटाला एक सूत

आमच्या फोर्डमध्ये शाहू महाराज बसले होते, असं आजोबा सांगायचे. मागच्या सीटवर, डाव्या अंगाला. महाराजांच्या भारानं गाडी त्या बाजूला कलली ती कायमची, हे त्यावरचं शिक्कामोर्तब. गाडी खरोखरच डावीकडं कललेली होती, त्यामुळं लहानपणी मला आणखी पुरावा लागला नाही.

शाळेत सनावळ्या पाठ करायची वेळ आली तेव्हा घोटाळा झाला. महाराज गेले ६ मे १९२२ ला. आमची गाडी फोर्डची मॉडेल ए, आणि ते मॉडेल खुद्द अमेरिकेत लोकांसमोर आलं १९२७ च्या डिसेंबरात. मी ही बातमी मोठ्या ऐटीत आजोबांच्या कानावर घातली. त्यांनी अडकित्ता थांबवला, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "मग छापणाऱ्याचं चुकलं असंल." कुणाचं साल चुकलं, महाराजांचं की गाडीचं, ते काही बोलले नाहीत.

गाडी म्हणजे उघडी टूरर. वर कापडी टप, खाली एकोणीस इंची तारेची चाकं. चार सिलिंडरचं, तीन लिटरहून मोठं इंजिन, आणि एवढ्या मोठ्या पोटातून निघणारी ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची. पेट्रोलची टाकी बॉनेटच्या मागं, काचेच्या खाली. म्हणजे पुढं बसणाऱ्याच्या जवळजवळ मांडीवरच. पेट्रोल ओढायला पंप नाही, ते आपल्या वजनानं उतरत कार्ब्युरेटरात येतं. स्टेअरिंगखाली दोन मिशा: एक ठिणगी पुढं-मागं करायची, दुसरी पेट्रोल कमी-जास्त करायची. इंजिनाच्या ब्लॉकवर नंबर ठोकलेला आहे आणि त्याच्या आधी 'सीए' ही अक्षरं. ती 'सी' कॅनडाची. अमेरिकेतली फोर्ड डाव्या स्टेअरिंगची, आमची उजव्या. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना, खुद्द ब्रिटन सोडून, गाड्या पुरवायचं काम फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडं होतं. मुंबईत १९२६ मध्ये फोर्डनं आपली हिंदुस्थानी कंपनी काढली, ती या कॅनडाचीच लेक. म्हणजे आमची कोल्हापूरची गाडी माहेरची कॅनडाची. हे कळायला मला वयाची तिशी उलटावी लागली, कारण नंबरावर काजळीचा आणि ग्रीसचा बोटभर थर होता.

आजोबा या गाडीचे मालक नव्हते, ड्रायव्हर होते. मालक एक डॉक्टर. पण आजोबांची मोटारीशी ओळख त्याआधीची. पंधराव्या वर्षी ते कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर म्हणून लागले. सर्व्हिस मोटार म्हणजे खाजगी प्रवासी गाडी; एसटी यायला अजून वीस वर्षं होती, ती १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. ही सर्व्हिस मोटार म्हणजे जुनी मॉडेल टी. तिच्याबद्दल आजोबांची एक गोष्ट होती, जी मी शाहू महाराजांच्या गोष्टीच्या शेजारी, त्याच फडताळात ठेवून दिली होती.

"आंबा घाट आम्ही उलटा चढायचो."

उलटा म्हणजे? तर घाटाच्या पायथ्याला माणसं उतरवायची, गाडी फिरवून तिचं तोंड खाली कोकणाकडं करायचं आणि मागं-मागं चढवत न्यायची. ड्रायव्हर मान मुरगाळून मागं बघणार, क्लीनर मोठा दगड घेऊन चाकाच्या बाजूनं चालणार. गाडी दमली की चाकाखाली दगड. प्रवासी चालत, आणि एखादी म्हातारी पाठमोऱ्या गाडीत बसून देवाचं नाव घेत. आम्ही पोरं हसायचो. आजोबा रागवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "हसा लेकानु."

कितीतरी वर्षांनी मॉडेल टीची रचना वाचली तेव्हा हसू परत घ्यावं लागलं. तिची टाकी पुढच्या सीटखाली, आणि पेट्रोल तिथंही उतारानंच यायचं. चढ तीव्र झाला की इंजिन टाकीच्या वर जातं आणि पेट्रोल पोचायचं बंद होतं. गाडी उलटी केली की टाकी वर, इंजिन खाली. शिवाय त्या गाडीचा रिव्हर्स तिच्या पहिल्या गिअरपेक्षाही जास्त जोर काढणारा. म्हणजे मागं जाताना ती जास्त ताकदवान. अमेरिकेतल्या डोंगरांतले शेतकरीही हेच करत. मॉडेल ए मध्ये टाकी उचलून काचेखाली आणून ठेवली आणि घाट सुलटे चढायची सोय झाली.

त्यामुळं माझी पंचाईत झाली. एक गोष्ट सालवारीनं साफ खोटी ठरलेली आणि दुसरी, तिच्याहून अचाट, नटबोल्टांसकट खरी निघालेली. आजोबा तोवर गेले होते.

युद्धाच्या काळातल्या त्यांच्या गोष्टी मी मग जरा कान देऊन आठवायला लागलो. पेट्रोलला रेशन लागलं. डॉक्टरांना इतरांपेक्षा बरे कूपन मिळायचे, पण खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांना ते पुरत नसत. तेव्हा गाडीच्या पाठीमागं कोळशाची भट्टी बसवली. पाण्याच्या बंबासारखं उभं पिंप, त्यात लोणारी कोळसा, खाली विस्तव. हवा बेतानं सोडायची, म्हणजे कोळसा नीट न जळता धुमसतो आणि त्यातून जो विषारी वायू निघतो तोच इंजिनात जळतो. निघायच्या आधी पंधरा मिनिटं पंखा हातानं फिरवत बसायचं. चाळीस घोड्यांतले निम्मे तिथंच पेंगायचे. "डॉक्टर पेशंट बघून येईपर्यंत विस्तू राखायचा," आजोबा म्हणायचे, "आनि लई येळ जवळ उभारलं की डोकं धरायचं. डॉक्टर ओरडायचं, लांब सर तिकडं, मला दुसरा पेशंट नको." पेट्रोलमध्ये रॉकेल घालायचे प्रयोगही झाले. या इंजिनाला ते पचलं, कारण त्यात हवा-पेट्रोल दाबलं जातं ते फक्त सव्वाचारास एक. आजच्या गाड्यांत तो आकडा दहाच्या घरात असतो.

भट्टीनं गाडी चालत राहिली, पण आतून खाल्ली गेली. वायूबरोबर येणारी बारीक राख म्हणजे पॉलिशचा कागदच. सिलिंडर घासून घासून पोटाशी रुंद झाले. युद्ध संपल्यावर चारही सिलिंडरांना नवे स्लीव्ह ठोकावे लागले, आणि तिथं आमच्या गोष्टीत मिस्त्री आले.

मिस्त्री म्हणजे आजोबांपेक्षा वयानं बरेच लहान. शाळा चौथीपर्यंत. हात मात्र असा की कोल्हापुरातल्या ऊस गाळायच्या चरकाचा दाता असो की तालमीच्या घड्याळाची किल्ली, तुटलेलं काहीही त्यांच्याकडं यायचं. या गावाची ही खोडच आहे. कोल्हापूरला यंत्र बाहेरून येतं, एकदा बिघडतं आणि मग इथलंच होतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथं बनवला. म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन बनवलं. उद्यमनगरात आजही फिरा. एका दारात ट्रॅक्टरच्या भागाचं ओतकाम, पुढच्या दारात लेथ, त्याच्या पुढं चहाची टपरी आणि टपरीवर कुणीतरी खिशातून गिअर काढून दुसऱ्याला दाखवत असतो.

पन्नाशीच्या दशकात फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी मुंबईतला बाडबिस्तरा आवरला. सरकारचं म्हणणं असं पडलं की नुसती बाहेरून खोकी आणून जोडणी करायची असेल तर नको, भाग इथं बनवा. धोरण म्हणून ते बरोबरच होतं. पण आमच्यासारख्या गाड्या एका रात्रीत पोरक्या झाल्या. आयातीवर बंधनं, सुटे भाग नाहीत. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि ही आजोबांना देऊन टाकली. विकली की दिली, यावर घरात दोन मतं आहेत. आजोबांनी ती काही वर्षं लग्नाच्या वरातींना चालवली. मग क्लच गेला, आणि गाडी आमच्या परड्यातल्या पत्र्याखाली उभी राहिली ती जवळजवळ पस्तीस वर्षं. वडील शिक्षक, त्यांना गाडी म्हणजे आजोबांच्या गप्पांचं अवजड रूप वाटायचं. आई त्यात लसणाच्या जुड्या आणि मिरच्यांची पोती ठेवायची. एक कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायची, डाव्या अंगाला. महाराजांची जागा म्हणून तिला कुणी उठवत नसे.

१९९४ मध्ये मी ती बाहेर काढली. तेव्हा मिस्त्री सत्तरीला टेकले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागं वाकून बघितलं आणि पहिल्या पाच मिनिटांत साठ वर्षांचा राजवाडा पाडला. या गाडीला मागं दोन चाकांना दोन कमानपाटे नसतात. एकच आडवा असतो, धनुष्यासारखा, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. "ह्यो बघा तुमचा महाराज," मिस्त्री म्हणाले. पाट्याची दोन पानं डाव्या अंगाला मोडलेली होती.

सुटे भाग शोधायचे म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पहिला धडा: भागाचं नाव घेऊन दुकानात जायचं नाही. भाग रुमालात बांधून न्यायचा आणि गल्ल्यावर उघडून ठेवायचा. नाव घेतलं की दुकानदार 'नाही' म्हणतो. वस्तू बघितली की तो ती उचलतो, फिरवतो आणि आपोआप म्हणतो, "हे कुठंतरी बघितलंय." त्या 'कुठंतरी'साठी आपण आलेलो असतो.

दुसरा धडा: एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीत शोधायचा. ही सगळी विद्या तोंडी, कुठं लिहिलेली नाही. गेलेल्या क्लचच्या जागी जीपचा बसला. आमची गाडी सहा व्होल्टची. सहा व्होल्टचे बल्ब बाजारातून गेले असं सगळे म्हणत होते, तेव्हा मिस्त्रींनी मला जुन्या राजदूत मोटारसायकलच्या मेकॅनिककडं पाठवलं. त्याच्याकडं खोकाभर पडले होते. दात्यांचा फायबरचा टायमिंग गिअर झिजलेला. तो हायलमच्या जाड पाट्यातून कापून घेतला, कारण लोखंडाचा केला तर चालेल, पण घरघर करेल. आणि टायर? एकोणीस इंची टायर मोटारीसाठी तेव्हा इथं बनतच नव्हते. पण उसाच्या बैलगाड्यांना बनत होते. आमच्याकडं रबरी चाकाच्या गाडीला डनलॉपच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. बैलगाडीच्या टायरावर आमची फोर्ड पहिली दोन वर्षं चालली. रंकाळ्याच्या वळणावर ती बैलासारखीच मान टाकायची, आणि ताशी तीसच्या वर गेलं की स्टेअरिंग हातात थरथर नाचायचं. ते टायर बैलाच्या चालीसाठी केलेलं. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. पुढं परदेशातून खरे टायर मागवले. त्यांच्या किमतीत त्या वेळी एक बैल आला असता.

तिसरा धडा मी स्वतःच्या शहाणपणानं विकत घेतला. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करणारा बिडाचा नळकांडा, तडकला होता. मिस्त्री गावाला गेलेले. मी तो तसाच उचलून एका फाउंड्रीत नेला आणि म्हटलं, याच्यावरून वाळूत साचा घ्या आणि दुसरा ओता. त्यांनी ओतला. सुरेख दिसत होता. घरी आणून इंजिनाला लावला तर एका टोकाचं तोंड जुळलं की दुसऱ्या टोकाचं सरकलेलं. मी भागाला दोष दिला, फाउंड्रीला दोष दिला. मिस्त्रींनी परत आल्यावर नुसती पट्टी लावली.

"किती लांब हाय?"

"दीड फूट."

"मग दीड सूत कमी असंल."

बरोबर दीड सूत कमी होतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वितळलेलं बीड गार होताना आकसतं, आणि किती आकसतं हे ठरलेलं आहे: फुटाला एक सूत. जुन्या भागावरून साचा घेतला की नवा भाग तेवढा आखूड निघणार. म्हणून लाकडाचा साचा मुद्दाम मोठा करायचा असतो. मिस्त्रींनी मग एक पितळी पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. दिसायला साधी फूटपट्टी. पण माझ्या पट्टीशेजारी धरली तर तिचा फूट आमच्या फुटापेक्षा एक सूत लांब. साचा करणाऱ्यांची ही खास पट्टी. तिनं मोजलं की आकसणं आपोआप धरलं जातं. खोटी पट्टी, जिच्यातून खरं माप निघतं. आजोबा आपल्या गोष्टी अशाच कुठल्या पट्टीनं मोजत असावेत, असं मला तेव्हापासून वाटतं.

सागवानाचा साचा करायला सुताराला आठ दिवस लागले. आतली पोकळी ठेवायला वाळूचा गाभा करतात. ती वाळू बांधून राहावी म्हणून तिच्यात साखर कारखान्याची मळी मिसळतात. भट्टीत गाभा भाजला की फाउंड्रीत गुऱ्हाळासारखा वास सुटतो. हा वास मला पुढं पुन्हा एकदा आठवायचा होता.

मुंबईची फेरी मात्र सांगायलाच हवी. डिस्ट्रिब्युटरचं टोपण चिरलं होतं आणि कार्ब्युरेटरचं वरचं अर्धं गायब. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मिस्त्री आणि मी चोरबाजारात गेलो. मिस्त्रींच्या डोक्यावर फेटा, हातात रुमालाचं गाठोडं. तिसऱ्या-चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी गाठोडं उघडायच्या आधीच विचारलं, "फोर्ड? चार का, या आठ का?" आठ सिलिंडरची फोर्ड १९३२ ला आली, तिथपासून हा प्रश्न त्या गल्लीत विचारला जात असणार. "चार," मिस्त्री म्हणाले. चाचांनी मान हलवली, म्हणजे नाही. पण चहा मागवला. चहा होईपर्यंत दोघांनी एकमेकांना न कळणाऱ्या भाषांत अर्धा तास मोटारी काढल्या. शेवटी उठताना चाचा म्हणाले, गाडीत शोधू नका. चार सिलिंडरच्या फोर्डी भंगारात गेल्या, पण त्यांची इंजिनं गेली नाहीत. पिठाच्या गिरण्या बघा, पाण्याचे पंप बघा, तंबूवाले सिनेमे बघा.

म्हणजे जे शोधायला एवढ्या लांब मुंबईला गेलो, ते आमच्याच पायाखाली होतं. निपाणीजवळच्या एका गावात, जत्रांमधून टूरिंग टॉकीज फिरवणाऱ्या एका माणसाच्या वाड्यात, डायनामो फिरवायला वापरलेलं आख्खं मॉडेल ए चं इंजिन मिळालं. शेणी रचलेल्या होत्या त्यावर. मालकाला ते फोर्डचं आहे हे माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ते 'शिनेमाचं इंजान' होतं. त्यानं पैसे घेतले नाहीत. "आमच्या म्हाताऱ्याचं हाय, भंगारात घालवत न्हाई. तुमी चालवणार असला तर न्या," एवढंच म्हणाला. टोपण तिथलं, कार्ब्युरेटर तिथलं. कार्ब्युरेटरच्या पितळी जेटची भोकं मातीनं बुजली होती. मी सुई उचलली तर मिस्त्रींनी हातावर मारलं. पोलादानं पितळ खरवडतं, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. त्यांनी एका टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचे चार केस आणवले आणि त्यांनी भोकं साफ केली.

त्याच दिवसांत मागची सीट उसवली. वरचं रेक्झिन काढलं, खालचा काथ्या काढला आणि तळाची लोखंडी चौकट बघून मिस्त्री थबकले. चौकट या गाडीची नव्हती. दोन अंगांनी कापून, मधे पट्टी रिव्हेट करून ती बसती केली होती. "ही टीची सीट वाटतीया," ते म्हणाले. डॉक्टरांकडं आधी मॉडेल टी होती, हे आजोबांच्या बोलण्यात कधीमधी यायचं. जुनी गाडी मोडीत काढताना तिची सीट चांगली म्हणून नवीत आली असेल. आणि सीटबरोबर तिच्यावरची गोष्टही आली असेल. महाराज टीमध्ये बसले होते की नाही, याला कागद नाही. पण ज्या घरात क्लच जीपचा, दिवा राजदूतचा आणि टायर बैलगाडीचं चालतं, तिथं गोष्ट तेवढी अस्सल त्याच गाडीची हवी, हा हट्ट मी सोडून दिला.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा मी गर्दीत उभा राहून गाडी बघत नाही, तिचं इंजिन ऐकतो. तिच्यामागंही कुणीतरी रुमाल घेऊन हिंडलेलं असणार. संस्थानिकांच्या अशा कितीतरी गाड्या कवडीमोलानं परदेशी गेल्या. १९७१ मध्ये तनखे बंद झाले आणि जुन्या गाड्या बाहेर न्यायला बंदी आली त्याच सुमारास, पण तोवर बरंच निघून गेलं होतं. आता २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे: नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढायची नाही. हे सगळं ठीक. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशीही त्यात अट आहे. फॉर्म भरताना त्या ओळीवर माझं पेन बराच वेळ अडलं. मग मी मनात पितळी पट्टी लावली आणि सही केली.

मिस्त्री २००३ मध्ये गेले. त्यांच्या नातवाचं उद्यमनगरातच सीएनसीचं वर्कशॉप आहे. तो मला काका म्हणतो आणि गाडीला 'आजोबांची भानगड'. परवा-परवा पेट्रोलचा काटा चालेना म्हणून आम्ही टाकी उघडली. या गाडीत काट्याला वायर-बियर काही नाही. टाकीत बुचाचा एक तुकडा तरंगतो आणि तोच समोरचा आकडा फिरवतो. बुचाला लाखेचं रोगण दिलेलं असतं. बघतो तर रोगण विरघळून गेलेलं, बुचाचा भिजलेल्या पावासारखा लगदा आणि तळाला पाणी. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. रोगण सोडवायचं आणि हवेतलं पाणी ओढून घ्यायचं काम ते चोख करतं. आणि इथेनॉल कशाचं? बरंचसं उसाचं, मळीचं. टाकीत नाक घातलं तेव्हा मला पेट्रोलमागून फाउंड्रीतला तो भाजलेल्या गाभ्याचा वास आल्यासारखं वाटलं. वास आला नसणार, मला यायला हवा होता एवढंच. कोळसा पचवलेल्या, रॉकेल पचवलेल्या गाडीला शिवारातला ऊस बाधला. नातवानं पितळी पत्र्याचा पोकळ तरंग करून दिला, अर्ध्या तासात.

त्यानंतरचा दुखणेकरी भाग मात्र अर्ध्या तासातला नव्हता. इंजिनात ठोका यायला लागला. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि लाकडी मूठ कानाला लावून सांगायचे, तसं मी ऐकलं: तिसरा सिलिंडर. कनेक्टिंग रॉडचं व्हाइट मेटल गेलेलं. आजच्या गाड्यांत तिथं बेअरिंगच्या तयार पाकळ्या असतात, जुनी काढली की नवी. या गाडीत कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ धातू थेट रॉडच्या भोकात ओतलेला असतो. नातू मायक्रॉनमध्ये बोलतो. नंतर भोक दीड-दोन थाऊच्या फरकात बोअर करून देणं त्याला सोपं होतं. पण ओतलेला धातू पोलादाला धरून राहायला आधी पोलादावर कथलाचा हात फिरवावा लागतो, आणि ते त्यानं कधी केलं नव्हतं. त्याचे आजोबा काय करायचे, त्यानं मला विचारलं. मला फक्त एवढं आठवलं की अशा दिवशी मिस्त्रींच्या दुकानात नवसागराचा धूर असायचा आणि मला खोकला यायचा.

नवसागर म्हटल्यावर वाट मिळाली. पण कल्हईवाला आता शोधायचा कुठं? घरोघरी स्टील. तीन आठवडे विचारत होतो. शेवटी गंगावेशीजवळच्या एका खानावळवाल्यानं सांगितलं, दिवाळीआधी एक मामा येतात, लग्नाच्या कार्यालयांची पितळी पातेली करून जातात. मामा आले. भाता, कापूस, कथलाची कांडी आणि कागदात नवसागर. वर्कशॉपात सीएनसीच्या शेजारी त्यांनी जमिनीत खड्डा करायला जागा मागितली. फरशी बघून नाइलाजानं शेगडीवर आले. रॉड हातात घेऊन त्यांनी खालीवर बघितला.

"भांडं कुठं हाय ह्याचं?"

भांडं नाही, एवढंच आहे, म्हटलं. या गोल भोकात आतून कल्हई करायची. एक काढलाच होता म्हणून चारही रॉड पुढं ठेवले. मामांनी जास्त विचारलं नाही. रॉड तापला, नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर उठला आणि मला खोकला आला. कापसाचा एकच फेर. भोक आतून चांदीसारखं झालं. नातू शेजारी वितळलेल्या धातूची पळी धरून उभा होता. मी त्यात वाळकी काडी बुडवून बघत होतो. काडी करपते पण पेट घेत नाही, तेवढीच ऊब हवी, हे मिस्त्रींचं. त्यानं ओतलं. चार वेळा. चौथा गार होईपर्यंत कुणी बोललं नाही.

मामांनी भाता आवरला, रॉडांकडं बोट केलं आणि मोजले. मग हिशेब सांगितला: "चार डावांचं द्या. पातेल्याचा दर न्हाई लावत."